डाळ कंपनीच्या प्रशिक्षण पोर्टलाची कैफियत

सकल वाचकजनांस विदित व्हावे की, धाराशिव जिल्ह्यात कसबे कळंब येथे सुवर्णतूर डाळ कंपनी म्हणोन थोर संस्थान, गिरण्या, गोदामे, मालमोटारी आणि माणसे अफाट. या संस्थानाने नोकरलोकांच्या तालमीकरिता संगणकी पोर्टल उभारिले, त्यात कोण झुंजले आणि कोण हार घेऊन गेले, हे लिहून ठेवणे प्राप्त आहे, कारण उद्या जो तो आपलेच नाव सांगेल. एकाने आरंभही केला आहे.

पोर्टल बांधावयाचे काम मिनाज नामे पोरीकडे आले. पोर इंजिनिअर, चाकरी कंत्राटी, आणि तिचे अब्बा बाबामियाँ त्याच गिरणीत डाळ वाहणाऱ्या पट्ट्यावर तैनात. पट्ट्यात सुतळी वा चिंधी अडकली तर पट्टा चालता ठेवूनच हात घालून काढावी, ऐसा मॅनेजर रामहरी याचा हुकूम, कारण पट्टा थांबला की माल कमी भरे आणि वर जाब द्यावा लागे. गेल्या साली त्या पट्ट्याने बब्रुवान नामे गड्याची बोटे नेली, तेव्हा रामहरी इस्पितळात केळी देऊन आला आणि पट्टा तैसाच चालू राहिला. म्हणोन मिनाजचे मनी एकच की, पोर्टलावर पहिला धडा हा असावा, आधी खटका पाडून पट्टा थांबवा, मग हात घाला.

मग दरबार भरला आणि मसलत सुरू जाहली, आणि पहिला सवाल निघाला की, पोर्टल उघडताच छबी कोणाची. मग ठरले की, आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग सत्कार, मग प्रास्ताविक, मग चेअरमन श्रीनाथराव यांचे मनोगत, मग त्यांच्या मेहुण्याच्या शुभेच्छा, आणि मग आभार. धडा कोठे, ऐसा मिनाजने अर्ज केला, तेव्हा रामहरीने फर्माविले की, आभारानंतर जागा उरल्यास पाहू. आभारानंतर या मुलखात खुर्च्या उचलितात, हे सर्वांस ठाऊक. पोरीच्या अंगाचा तिळपापड झाला, परंतु कंत्राटाकडे पाहून तिने ती यादी उतरवून घेतली.

आता श्रीनाथरावांचे ऐसे की, आवाज नगाऱ्याचा आणि भाषण नेहमी दुसऱ्याने लिहिलेले. आधी वाचून पाहावे हा रिवाज त्या घराण्यात नाही. वाचून पाहतो तो कारकून, ऐसी समजूत. मनोगत लिहावयाचे काम रामहरीकडे आले आणि त्याने ते मिनाजवर लोटिले, कारण रामहरीस लिहिता येते ऐसा आरोप त्याच्या शत्रूनेही कधी केला नव्हता. मग मिनाजने वरच्या अंगास बळीराजा, उत्तुंग भरारी, दूरदृष्टी ऐसा दारूगोळा भरिला आणि मधोमध आपला धडा ठेविला.

चित्रणाचे दिवशी श्रीनाथरावांनी फेटा बांधिला आणि पडद्यावरील अक्षरे पाहून गर्जना केली की, चालत्या पट्ट्यात जो हात घालावयास लावील तो आमचा माणूस नव्हे, खटका पाडण्याचा हक्क पट्ट्यावरच्या माणसाचा, आणि कोणी अडविल्यास आमचे नाव सांगावे. शब्द तोंडातून निघाले, कानात गेले नाहीत, कारण साहेबांचे लक्ष फेट्याकडे होते. रामहरीने टाळी वाजविली. तोही ऐकत नव्हता. उलट, हे मनोगत पुरते पाहिल्याविना कोणास पोर्टलात पुढे जाता येऊ नये, हा बंदोबस्त त्यानेच हौसेने करविला.

पोर्टल जारी जाहले आणि सर्वांनी सक्तीने पाहिले. मग एके दुपारी ऐन तुरीच्या घाईत गिरणीचा आवाज एकाएकी बंद पडला. कचेरीत मिनाज ताडकन उठली. अब्बांनी पट्टा थांबविला, की अब्बांनाच पट्ट्याने धरिले? ती चप्पल टाकून धावली.

पाहते तो पट्ट्यात सुतळी अडकलेली, बाबामियाँ खटक्यापाशी उभे, आणि रामहरी लालबुंद होऊन ओरडतो आहे, "कोणाला विचारून बंद केलं? उद्यापासून येऊ नका!"

बाबामियाँनी मोबाईलवर मनोगत लाविले आणि म्हणाले, "म्या न्हाय बोललो सायेब, मालक बोललेत. तुम्ही ऐकलं न्हाय व्हय?"

मामला श्रीनाथरावांपुढे गेला. त्यांनी आपलीच गर्जना प्रथमच ऐकिली आणि त्यांस घाम फुटला. बोललो नाही म्हणावे तर फेटा दिसतो, न वाचता बोललो म्हणावे तर अब्रू जाते. मग छाती काढून त्यांनी फर्माविले की, ही आमची फार दिवसांची दूरदृष्टी, आणि पट्टा यापुढे थांबवूनच साफ होईल. त्या दूरदृष्टीबद्दल त्यांचा सत्कार जाहला आणि शाल रामहरीने आणिली. मिनाजला मागच्या रांगेत मोडकी खुर्ची मिळाली. तिला राग आला, आणि तरी तिने सर्वांहून मोठ्याने टाळ्या वाजविल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन दप्तरी नोंद केली ती ऐसी की, नाव श्रीनाथरावांचे, शाल श्रीनाथरावांची, आणि हात बाबामियाँचे, दोन्ही, बोटांसकट.