व्यंकटकाकांच्या खिशातलं लोहचुंबक

आमच्या नांदेडच्या गल्लीतले व्यंकटकाका शर्टाच्या वरच्या खिशात पेन ठेवत नाहीत, लोहचुंबक ठेवतात. जुन्या स्पीकरमधून काढलेलं, गोल, बिस्किटाएवढं. भाचीच्या लग्नात वरपक्षानं आणलेल्या चांदीच्या वाटीला त्यांनी ते सहज लावून बघितलं आणि वाटी चिकटली. लग्न झालं, पण तेव्हापासून नात्यातली पत्रिका काकांना लग्न उरकल्यावरच मिळते.

काकांना जुन्या नाण्यांचा नाद. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगा पुण्याला. उरली ती नाणी. विकणारा कितीही गोड बोलो, काकांची तपासणी ठरलेली. आधी चुंबक, कारण चांदी चुंबकाला चिकटत नाही. मग सोनाराचा छोटा काटा. मग भिंगातून कडेचे दाते. शेवटी पावती. पावती देत नाही म्हणणाऱ्याला ते चहा पाजून वाटेला लावतात. "नाणं पळत न्हाई, माणूस पळतो," हे त्यांचं ब्रीद. मोबाइलवर 'जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या' असं काही आलं की मला हाक मारून दाखवतात. "बघ, लाखाचा धनी! अन् आधी फी पाठवा म्हणून राहिला!"

एकदा लातूरच्या प्रदर्शनात एका निजामी रुपयापायी त्यांनी तीन तास घालवले. दुकानदार रडकुंडीला आला. "काका, आता लगीनच लावा त्याच्यासंगं!" काकांनी पावतीवर नाण्याचं वर्णन, वजन, सगळं लिहून घेतलं आणि शेवटची बस चुकवली. सोबत मी होतो, म्हणून माझीही चुकली.

इतकं बघूनही मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. पण सांगतो.

काकांची पंचाहत्तरी होती, गल्लीनं सत्कार ठरवला होता. आदल्या दिवशी मी माहूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. गड उतरताना रस्त्याकडेला एकानं फडक्यातून चारमिनार छापलेला निजामी चांदीचा रुपया काढला. "साहेब, घर खोदताना सापडला. जीप सुटायली, लवकर बोला." मी लवकर बोललो. काटा नाही, भिंग नाही, पावती नाही. वर भाव पाडला म्हणून स्वतःवरच खूश. घरी येऊन रुपया फ्रिजवरच्या चुंबकाला लावला. चिकटला.

खरं तर गुपचूप हार घेऊन जायला हवं होतं. पण 'काकांसाठी माहूरहून खास नाणं आणलंय' असं मी घरी येता येताच गल्लीभर सांगून बसलो होतो. सत्कारात निर्लज्जासारखा तोच रुपया पुढे केला. आता काका तपासणार आणि चारचौघांत माझी शोभा होणार, हे ठरलेलंच. काकांनी भिंग काढलं नाही, काटा काढला नाही. नाणं कपाळाला लावलं आणि वरच्या खिशात टाकलं.

टक्.

आवाज बारीक होता. मला ऐकू आला आणि त्यांना. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लई झकास हाय!"

दोन दिवस मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेलो. तिसऱ्या दिवशी राहवेना. आत जाऊन म्हणालो, "काका, ते नाणं खोटं आहे. देतानाच मला माहीत होतं."

"हाव, मालूम हाय. बस, चहा ठेवून राहिलो."

चहा होईपर्यंत त्यांनी नाण्यांचा अल्बम माझ्यापुढे सरकवला. प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी: कुठून घेतलं, कुणाकडून, वजन किती, पावती कुठली. शेवटच्या पानावर माझा रुपया होता. खाली त्यांच्या कचेरीतल्या अक्षरात लिहिलं होतं, 'माहूर. सुधाकरकडून भेट. वजन केले नाही.'

"खोटं आहे, तर ठेवलं कशाला?" मी विचारलं.

काका कपात चहा गाळत होते. "चाळीस वर्षं जमवून राहिलो. सगळी इकत घेतलेली. ह्याला दिलं तर हा तपासत बसंल, असं म्हणून कुणी कधी एक पैसा हातावर ठेवला न्हाई बघ. तू ठेवलास."

मी अल्बम पुन्हा पहिल्या पानापासून चाळला. अख्ख्या अल्बमात 'भेट' हा शब्द एकदाच होता, आणि तो माझ्या लबाडीखाली लिहिलेला होता.