वॉल्टरच्या फोटोला हार

"मावशी, हॉल विकला तर व्हेअर विल वी गो?" शेजारच्या आठ वर्षांच्या मृणालिनीनं विचारलं.

पद्मिनीमावशी कार्नेशनच्या फुलांचे हार ओवत होत्या. साल १९८६. पेनसिल्व्हेनियातल्या त्या छोट्या गावात त्यांची मराठी मुलांची शनिवारची शाळा ज्या हॉलमध्ये भरे, तो होता लॉजचा. राहण्या-जेवणाचं लॉज नव्हे हं! शंभर वर्षांपूर्वी गावच्या चर्चमधल्या खाणकामगारांनी एकमेकांना शब्द दिला होता: आपल्यातला कुणी गेला, तर सगळ्यांनी मिळून त्याला निरोप द्यायचा आणि त्याच्या घरची चूल विझू द्यायची नाही. तेच हे लॉज.

आता खाणी बंद पडल्या होत्या आणि सभेला कुणी फिरकत नव्हतं. आज संध्याकाळी निम्मे तरी सभासद आले नाहीत, तर नियमाप्रमाणे लॉज बंद आणि हॉल विक्रीला. अध्यक्ष वॉल्टरनं आशाच सोडली होती. "कुणी येत नाही, पद्मिनी. मी मासे धरायला जातो. संध्याकाळी येईन कुलूप लावायला," म्हणून तो सकाळीच तळ्यावर गेला होता.

मावशींनी मुलांना लॉजची गोष्ट सांगितली, संस्थापकांच्या फोटोला हार घातला. "फोटोला हार घालणं म्हणजे त्या माणसाला मान देणं," त्यांनी समजावलं. दुसरा हार वॉल्टरच्या गळ्यासाठी होता. "तो आला की तू घाल हं," असं मृणालिनीला सांगून त्या पोहे परतायला आत गेल्या.

मृणालिनीनं भिंतीकडे पाहिलं. वॉल्टर तर तिथंच होता, फ्रेममध्ये. ती खुर्चीवर चढली.

मुलाला न्यायला आलेला गिरीश त्या फोटोपुढे थबकला. "अरेरे! परवाच तर भेटला होता यार!" मावशींना आणखी कशाला रडवा, म्हणून त्यानं घरी जाऊन थेट पाद्रीबाबांनाच फोन केला. "वॉल्टरचं कळलं. फार वाईट झालं." पाद्रीबाबांनी वॉल्टरचा नंबर लावला. एकटा माणूस, फोन उचलणार कोण? त्यांचीही खात्री पटली. मग गावभर फोन वाजले.

संध्याकाळी मावशी अजून आतच कढई घासत असताना मृणालिनी धावत आली. "मावशी, सो मेनी पीपल!"

बाहेर हॉलमध्ये काळे सूट, छातीवर लॉजचे पट्टे, बायकांच्या हातात झाकलेली भांडी. म्हातारा हॅरल्ड फोटोपुढे डोळे पुसत होता. "आम्ही त्याला जिवंतपणी एक फूल दिलं नाही!"

मावशी घासणी घेऊनच फोटोपाशी धावल्या. "अगं, हे काय केलंस?"

"यू सेड मान!"

धडा त्यांनीच अर्धा शिकवला होता.

आता सांगायचं कसं, या विचारात असतानाच दार उघडलं. माशांची बादली घेऊन वॉल्टर आत आला. गर्दी पाहून त्यानं चटकन टोपी काढली. "कोण गेलं?"

पाद्रीबाबांनी हळूच फोटोकडे बोट दाखवलं.

वॉल्टरनं फोटो पाहिला. मग माणसं पाहिली. त्याचे ओठ पुटपुटू लागले. तो डोकी मोजत होता.

"पद्मिनी, दार लाव," तो कुजबुजला. "एकालाही बाहेर सोडू नकोस. सभा सुरू!"

जिवंत मृताच्या डोळ्याला डोळा भिडवून हॉल विकायचं म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. लॉज वाचलं, शाळा वाचली, आणि झाकलेली भांडी पोह्यांसकट रिकामी झाली.

पुढच्या वर्षी सभेच्या आधी वॉल्टरचा फोन आला. "पद्मिनी, यंदा हार हॅरल्डच्या फोटोला घाल. त्याची हरकत नाही. फक्त त्याच्या बायकोला आधी सांग. तिला केस सेट करून घ्यायचेत."