मान हलवण्याची विद्या

एका जंगलात, बाळांनो, शिष्यवृत्ती आली. कुठून आली ते विचारू नका, जंगलानेही विचारलं नव्हतं. वाघोबांनी दवंडी पिटवली, "एका प्राण्याला शिष्यवृत्ती मिळेल. वर्षभराचं खाणं घरपोच!"

ते ऐकून सगुणी मुंगूसताई उड्या मारत सुटली. तिला खाण्याची हाव नव्हती, बरं का. तिची धाकटी बहीण साप चावून गेली होती. घुबडशास्त्र्यांच्या ग्रंथात विषावर उतारा म्हणून कडूवेलीची मुळी दिली होती. सगुणीने ती उगाळून पाजली, तरी बहीण वाचली नाही. तेव्हापासून ती खरी मुळी शोधत होती. एकेचाळीस मुळ्या आधी स्वतः चाखल्या, जीभ सुजून बोंडासारखी झाली. पण दिवसभर पोटासाठी वणवण केल्यावर शोधायचं कधी?

निवड समिती बसली. अडचण एवढीच, की शिष्यवृत्ती म्हणजे काय ते समितीला ठाऊक नव्हतं.

"वृत्ती म्हणजे वतन," माकड म्हणालं. "आमच्या आजोबांकडे आख्ख्या जांभळीची वृत्ती होती. तेव्हा ही माझ्या नातवाला."

"वृत्ती म्हणजे पोटापाण्याची सोय," रानडुक्कर म्हणालं. "ज्याचं पोट मोठं, त्याला द्या."

घुबडशास्त्र्यांनी एक डोळा उघडला. "वृत्ती म्हणजे स्वभाव. ज्याचा स्वभाव शिष्याचा, त्याला शिष्यवृत्ती."

समितीला हे फार खोल वाटलं. मुलाखती सुरू झाल्या.

"विषावर उतारा कोणता?" शास्त्र्यांनी सगुणीला विचारलं.

"कडूवेल नक्कीच नाही, शास्त्रीबुवा. माझी बहीण गेली तिनं."

"प्रश्न विषाचा नव्हता," शास्त्री म्हणाले. "स्वभावाचा होता. पुढचा!"

पुढे सरडा आला.

"विषावर उतारा कडूवेलच ना?"

सरड्याने मान हलवली.

"तुझं नाव काय?"

सरड्याने मान हलवली.

"किती नम्र!" शास्त्र्यांचे डोळे पाणावले. शिष्यवृत्ती सरड्याला मिळाली.

"मग मी शिकू कशी?" सगुणी रडवेली होऊन म्हणाली.

"शिकणं?" रानडुक्कर दचकलं. "त्याचा इथं काय संबंध?"

सगुणी अर्धपोटी राहिली, पण शोधत राहिली. त्रेपन्नावी मुळी खरी निघाली. साप चावलेला एक ससा तिने टुणटुणीत उभा केला आणि त्याला घेऊनच समितीपुढे गेली.

"तू कुणाची शिष्या?" शास्त्र्यांनी विचारलं.

"कुणाचीच नाही."

"मग ही मुळी निराधार आहे."

"आणि हा ससा?"

"ससाही निराधार आहे."

समितीने होकार दिला. त्या आठवड्यात साप चावलेली तीन पाडसं कडूवेल पिऊनही दगावली. सगुणीला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. दोन दिवस तिने काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी ती शास्त्र्यांच्या ढोलीपाशी गेली आणि वाकून नमस्कार केला.

"शास्त्रीबुवा, चूक आमचीच. तुमच्या ग्रंथातली कडूवेल आम्हीच ओळखली नाही. खरी कडूवेल ही बघा." असं म्हणून तिने स्वतःची मुळी पुढे ठेवली.

शास्त्र्यांनी मुळी हुंगली. मग दोन्ही डोळे उघडले. "मी पहिल्यापासून हेच सांगतोय!"

"जंगलात सांगू का सगळ्यांना?"

"सांग. माझं नाव घेऊन सांग."

तिने सांगितलं. त्यानंतर विषाने कुणी दगावलं नाही. शास्त्र्यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली आणि जंगलाने त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढली.

पुढल्या वर्षीची शिष्यवृत्ती सगुणीला एकमताने मिळाली. आता शोधायचं काहीच उरलं नव्हतं.

"छान! मग वर्षभर काय शिकणार?" वाघोबांनी कौतुकाने विचारलं.

सगुणीने मान हलवली.

तात्पर्य : बाळांनो, ज्ञानाने जीव वाचतात हे अगदी खरं आहे. म्हणून भरपूर अभ्यास करा, आणि रोज सकाळी उठून मानेचा व्यायाम चुकवू नका.