कुंदन साहेबांचं नाक

माणूस कसा आहे हे जमुनाबाई त्याच्या ताटावरून सांगत, आणि आजवर त्यांचा अंदाज चुकला नव्हता! तळोज्याच्या केमिकल कंपनीचं कॅन्टीन त्यांनी अकरा वर्षं चालवलं ते याच जोरावर. म्हणून नवा सेफ्टी ऑफिसर कुंदन पहिल्याच दिवशी डाळ ढवळून म्हणाला, "मावशी, डाळ ब्याऐंशी डिग्रीलाच वाढायची असते," तेव्हाच त्यांनी ताडलं. हा जेवायला आलेला नाही, कॅन्टीन गिळायला आलाय!

कुंदनला काय येत नव्हतं? प्लंबरला तो नळ शिकवी, डॉक्टरला ताप शिकवी, चार लेकरांच्या आईला बाळंतपण शिकवी! स्वतःचं लग्न मात्र जमत नव्हतं.

त्यातच शुक्रवारी मोठे साहेब पुढच्या वर्षी कॅन्टीन कोणाला द्यायचं ते ठरवणार होते.

"भाग्यश्री, ह्याची नजर बरी नाय," जमुनाबाई सुनेला म्हणाल्या. "दोनदा गच्चीच्या जिन्यावर गेला. कशाला?"

"आई, खाली फोनला रेंज नसते."

"रेंज! मला शेंडी लावतो तो, आनी तुला तर गजऱ्यासकट!"

जमुनाबाईंच्या धास्तीचं कारण गच्चीवरच होतं. पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील! नावड्याच्या सोसायटीत वाळत घातले की सेक्रेटरी नाक धरून दारात उभा. म्हणून दर मे महिन्यात बोंबील कॅन्टीनच्या गच्चीवर ऊन खायला येत. मोठे साहेब पक्के शाकाहारी. आवारात मच्छी दिसली की कॅन्टीन गेलंच!

शुक्रवारी सकाळी कुंदन तिसऱ्यांदा जिन्याकडे निघाला. जमुनाबाई लुगडं सावरत मागच्या लोखंडी शिडीनं त्याच्या आधी वर! सगळे बोंबील गोणीत कोंबले. आता लपवायचे कुठं? कोपऱ्यात जाळीच्या दाराची मोठी पत्र्याची पेटी घरघरत होती. आत कशी गार हवा! 'देवानंच सोय केली,' म्हणत त्यांनी गोणी आत ढकलली.

ती पेटी खालच्या मीटिंग हॉलला हवा पुरवत होती, हे त्यांना कोण सांगणार? ज्याला सगळं ठाऊक, तो तर फोनवर होता.

दहा मिनिटांत हॉलमध्ये मोठ्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "कसला वास हा?"

कुंदन ताडकन उठला. "कोणी हलू नका! म्हणजे, सगळे बाहेर चला! चार नंबरची टाकी गळतेय. अमाईन गॅस!"

"मला तर बोंबलाचा वास येतोय," ऑपरेटर बाबासो म्हणाला.

"तेच तर! हा गॅस माशासारखाच वास मारतो. माशाचा वास आला म्हणजे मासाच असतो, असं अडाणी माणसाला वाटतं!"

भोंगा झाला. चारशे माणसं गेटपाशी. कुंदन खुर्चीवर चढला. "आधी डोळे चुरचुरतात!" चाळीस जणांनी डोळे चोळले. "मग पाय लटपटतात!" अकाउंटचे दोघं खालीच बसले! नावड्याचा कल्पेश तेवढा नाक वर करून म्हणाला, "मला तं तोंडाला पानी सुटलंय."

"लाळ गळणं! तिसरं लक्षण! ह्याला आडवा करा!"

साहेबांनी अग्निशमन दलाला फोन लावायला घेतला. जमुनाबाई पुढे सरसावल्या. गप्प राहावं तर बंबवाले गच्चीवर चढणार, बोलावं तर कॅन्टीन जाणार. शेवटी डोळे मिटून त्या ओरडल्या, "सायेब, ग्यास नाय! माझं बोंबील हायत, वरच्या पेटीत!"

कुंदन हसला. "मावशी घाबरल्यात. साहेब, बोंबील मला कळत नाही का? रत्नागिरीत मी दोन वर्षं काढलीत."

"मेल्या, माझा जल्म बोंबलात गेला!" जमुनाबाई तरातरा वर गेल्या आणि गोणी आणून त्याच्या नाकाखाली धरली.

कुंदननं एकदा हुंगलं. दोनदा हुंगलं. मग बोट वर केलं. "बघा! सगळा गॅस ह्या बोंबलांनी शोषून घेतला! म्हणून तर हॉलमधला वास गेला!"

हॉलमधला वास खरंच गेला होता. गोणी खाली आल्यावर आणखी काय होणार! पण साहेबांनी जन्मात बोंबील पाहिलेला नव्हता; गोणीतल्या काटक्या म्हणजे मच्छी, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. "म्हणजे बाईंनी कंपनी वाचवली?"

"थोडक्यात, हो. माझ्या मार्गदर्शनाखाली."

बोंबील पिवळ्या पिशवीत सीलबंद होऊन तपासणीला गेले. साहेबांनी हात जोडले. "जमुनाबाई, कॅन्टीन तुमचंच! शिवाय आजपासून तुम्ही सेफ्टी कमिटीत. रोज दुपारी दोन तास कुंदन तुम्हाला सगळं समजावून सांगतील."

कुंदननं खुर्ची ओढलीसुद्धा. "बसा मावशी. धडा पहिला. बोंबील कसा ओळखावा?"

जमुनाबाई उभ्याच राहिल्या. मग पदर पसरून म्हणाल्या, "सायेब, तुमच्या पाया परते. कॅन्टीन दुसऱ्या कोनाला द्या ना!"