पिवळाजर्द

आमचे शेजारी दातारकाका कुणाकडे जेवले की "छान झालं होतं" असं कधी म्हणत नाहीत. हात धुऊन येतात, स्वयंपाक करणारीकडे रोखून बघतात आणि विचारतात, "सगळं सांगितलंस, पण राखून काय ठेवलंस?"

माझ्या बायकोला, वंदनाला, हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही भोपाळच्या अयोध्या नगरात नवीनच राहायला आलो होतो. तिनं भरली वांगी केली होती. काकांनी चार खाल्ली, खिशातून वही काढली आणि कृती लिहून घेतली. तिखट किती, कूट किती, गॅस बारीक कधी केला. बारीक म्हणजे नेमका किती, हे बघायला स्वयंपाकघरात जाऊन स्वतः बटण फिरवून आले. तिसऱ्या दिवशी स्टीलचा डबा घेऊन दारात हजर. डब्यात वांगी. वंदनानं एक चाखलं आणि पाणी प्यायला आत गेली.

"बघ," काका म्हणाले, "तू सांगितलंस तसंच, काट्यावर मोजून केलं. तरी अशी का झाली? कारण शेवटची चिमूट तू सांगितली नाहीस."

"अहो काका, देवाशपथ सगळं सांगितलं."

"सगळे हेच म्हणतात," असं म्हणून काका निघून गेले. डबा तिथंच राहिला आणि ती वांगी आम्हाला दोन दिवस पुरली.

शेवटची चिमूट हा काकांचा लाडका सिद्धान्त. जगात जो तो समोरच्याला सगळं शिकवतो आणि शेवटची चिमूट स्वतःच्या मुठीत ठेवतो. हलवाई ठेवतो, वैद्य ठेवतो, सासू सुनेपासून ठेवते. आणि मग काका पेपर उघडतात. पेपरात लढाऊ विमानाच्या इंजिनाची बातमी आली की त्या दिवशी आमचा चहा दोनदा होतो.

"परदेशी कंपनी म्हणे सगळं तंत्रज्ञान देणार. देईल की! नकाशे देईल, यंत्रं देईल, आपल्या माणसांना तिकडे नेऊन जेवू घालेल. शेवटची चिमूट देईल का? तू दिली असतीस?"

"मी सिंचन खात्यात होतो, काका. आमच्याकडे चिमूटच नव्हती."

"नागपूरकर, तुला कळायचं नाही."

मी नागपूरकर नाही. आजोबा नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर इकडे आले, माझा जन्म नेहरू नगरातला. पण काकांच्या लेखी पुण्याच्या पलीकडचा मराठी माणूस म्हणजे नागपूरकर. ते स्वतः साताऱ्याचे. भोपाळमध्ये येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, पण मराठीला त्यांनी इथला वारा लागू दिला नाही. मी "काका, चहा ठंडा होतोय" म्हटलं की ते आधी "थंड" म्हणतात, मग चहा पितात. हिंदी ते कधी शिकलेच नाहीत. मराठीलाच "है" लावून त्यांनी सगळी नोकरी काढली. एकदा बँकेतला बिचारा शर्मा म्हणाला, "दातार साहब, हम पूरी चेष्टा करेंगे." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. काका तडक मॅनेजरकडे. म्हणाले, तुमचा माणूस तोंडावर सांगतो की माझी पूर्ण चेष्टा करणार. हा किस्सा मी त्यांच्यासमोर सांगितला तर ते आजही म्हणतात, "शब्द चुकीचा वापरला तो त्यानं."

काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्यात. रविवारी फोन येतो, त्यात काका त्याला विमानाच्या बातम्या सांगतात आणि तो "हो बाबा" म्हणतो. बाकी आठवडाभर ऐकायला मी. आता ऐकून ऐकून मलाही अर्धं पाठ झालंय.

विमानाचं इंजिन म्हणजे शेवटी पातं. इंजिनाच्या पोटात, जिथं जाळ असतो, तिथं बोटाएवढी पाती गरागरा फिरतात. साधा धातू तिथं लोण्यासारखा वितळेल. म्हणून खास धातू, खास ओतकाम. बंदूक कुणीही करेल, विमानाचा सांगाडाही करेल, पण हे पातं जगात फार थोड्यांना जमतं आणि ते कुणाला सांगत नाहीत. दातारकाका एका छोट्या सरकारी ओतशाळेत साहेब होते. फाउंड्री म्हटलेलं त्यांना चालत नाही. गावाबाहेरची शेड, आता तिचं नावही उरलेलं नाही. तिथं दहा-बारा माणसांनी हे पातं करायचं मनावर घेतलं होतं.

"आणि झालं होतं," काका सांगतात. "सात पाती आली होती. कडेला कागदासारखी पातळ, एक ओरखडा नाही. मी ते पहिलं पातं घरी आणून हिला दाखवलं. हिनं हळदकुंकू वाहिलं त्याच्यावर."

ही पाती ओतली ती हमीद मिस्त्रीनं. उष्णता मोजायचं यंत्र होतं, पण भट्टीच्या काचेवर धातूची वाफ धरली की ते भलतेच आकडे दाखवायचं. हमीद मिस्त्री काच पुसायचा, एक डोळा लावायचा आणि म्हणायचा, "बस. ढालो." म्हणजे ओता. चुकायचा नाही. पुढच्या महिन्यात दिल्लीहून मोठे लोक चाचणी बघायला येणार होते, आणि नेमका मिस्त्रीचा भाऊ सिरोंजला अत्यवस्थ झाला. जाण्याआधी काकांनी मिस्त्रीला समोर बसवून कृती लिहून घेतली. मिस्त्री गेला, दिल्लीचे आले, काकांनी वहीत बघून धातू ओतला. एकाही पात्याची कड भरली नाही. सगळी बोथट.

"चार दिवसांनी मिस्त्री परत आला, पाती हातात घेतली आणि मला म्हणतो, ठंडा ढाला है. मी म्हटलं, तू सांगितलंस तसंच ओतलं. म्हणतो, मैंने ज़र्द बोला था, साहब. अरे, जर्दच होतं! मी काय आंधळा होतो? आख्ख्या शेडसमोर तो ज़र्द ज़र्द करतोय आणि मी जर्द जर्द करतोय. शेवटची चिमूट राखलीन त्यानं, आणि वर मला खोटं पाडतो."

काकांनी अहवालात तसंच लिहिलं. कारागिरानं पद्धत पूर्ण सांगितली नाही, अशा माणसाच्या भरवशावर काम पुढे नेता येणार नाही. मिस्त्रीला भट्टीवरून काढून गोदामाच्या दारावर बसवलं. वर्षभरात ओतशाळाच बंद झाली आणि पाती बाहेरून आली. ती आजही बाहेरूनच येतात, असं काका म्हणतात. "ह्या देशाला इंजिन जमायचं नाही, नागपूरकर. परक्यांचं सोड, आपलाच माणूस आपल्याला सांगत नाही." हे सांगताना ते नेहमी खिडकीबाहेर बघतात. मी नेहमी विषय बदलतो.

ही गोष्ट मी पन्नासदा ऐकली असेल. जन्म भोपाळचा, ज़र्द शब्द रोज कानावर पडतो. तरी माझ्या डोक्यात एकदाही प्रकाश पडला नाही, कारण काका तो शब्द मराठीत सांगायचे आणि मी मराठीत ऐकायचो. ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

गेल्या हिवाळ्यात वंदनाला टायफॉइड झाला. उठून बसायला लागली त्या सकाळी काका मोसंबी घेऊन आले होते. तेवढ्यात शेजारच्या नफीसाआपा आल्या. कपडे शिवतात, वंदनाशी त्यांचं फार जमतं. तिला बघून त्यांनी गालाला हात लावला. "हाय, कैसा ज़र्द पड़ गया चेहरा!"

काका मोसंबी सोलता सोलता मला म्हणाले, "ह्यांना सांग, पांढरीफटक पडलीये ती. जर्द नाही."

"तेच म्हणतायत त्या, काका. ज़र्द म्हणजे फिकट."

"जर्द म्हणजे गडद. पिवळाजर्द."

"ते आपल्या मराठीत. इथं ज़र्द म्हणजे पिवळा, पण असा उडालेला, रया गेलेला. आजारी माणसाच्या तोंडासारखा."

काकांनी मोसंबं ताटलीत ठेवलं. नफीसाआपांना त्यांनी स्वतः विचारलं, "ज़र्द... गाढा नहीं?" त्या म्हणाल्या, "नहीं भाईसाहब, फीका." मग त्यांनी वंदनाला विचारलं. मग मला परत. मग चप्पल न घालता घरी गेले आणि वही घेऊन आले. वरणाचे डाग पडलेली वांग्यांची वही नव्हे, जुनी, कापडी पुठ्ठ्याची. त्यातलं पान त्यांनी माझ्यासमोर धरलं. सुंदर अक्षर. 'धातू पिवळाजर्द झाल्यावर ओतणे.'

"धातू जितका तापतो तितका फिका होतो," काका म्हणाले. "आधी लाल, मग केशरी, मग गडद पिवळा, मग फिका. मी गडदवर थांबलो. तो म्हणाला होता, फिका पडू दे." वही मिटून म्हणाले, "त्यानं सगळं सांगितलं होतं रे."

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, काका, एवढा मोठा देश काय एका शब्दावर अडला? वरचे लोक धीर धरते तर दुसरी चाचणी झाली असती, यंत्र नीट असतं तर वहीची गरज पडली नसती, शंभर कारणं असतील. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "असतील. नव्व्याण्णव त्यांची. हे एक माझं." मग म्हणाले, "हमीद मिस्त्री असेल का अजून?"

होता. जहांगीराबादला, मुलाच्या घरी. पत्ता नफीसाआपांच्या भाच्यानं काढून दिला. जाताना काकांनी मला बरोबर घेतलं. "तू बोल. माझ्या हिंदीवर आता माझाच भरवसा नाही."

मिस्त्री खाटेवर बसला होता. वय पंच्याऐंशी तरी असेल. जन्मभर भट्टीच्या काचेला डोळा लावून डोळे गेलेले. मी काही बोलायच्या आतच काका म्हणाले, "मिस्त्री, मैं दातार." म्हातारा उठायला लागला. काकांनी खांद्याला धरून त्याला बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी खाटेवर टेकले. मी सगळं सांगितलं. ज़र्द, पिवळाजर्द, वही. काकांनी मधेच हात जोडले. समोरच्याला दिसत नव्हते, तरी जोडूनच बसले.

मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "तो आपने जान के नहीं बिगाड़ा था?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. हिंदी कळली होती, प्रश्न कळला नव्हता.

"मैं तो यही समझा, साहब. के बाहर का माल मंगवाना था, इसलिए आपने ठंडा ढाल दिया. इतने साल यही समझा." मग त्यानं आत हाक मारली. पन्नाशीचा मुलगा हात पुसत बाहेर आला. स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. "सुन, ये दातार साहब हैं. ये बेईमान नहीं थे. मैंने तुझे भट्टी का काम नहीं सिखाया ना, के सीख के क्या करेगा, ऊपर वाले बेच खाते हैं. वो मेरी ग़लती थी."

मुलानं मान डोलावली. तो चहा सांगायला गेला.

काका रडत होते. मी त्यांना काकूंच्या वेळीही रडताना बघितलं नव्हतं. मिस्त्रीनं चाचपडत त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं. अजिबात राग नव्हता त्याच्या आवाजात. म्हणाला, "एक लफ़्ज़ ही तो था, साहब. पूछ लेते."

चहा पिऊन निघालो. पुलाजवळ गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा काका माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"त्यानं विचारलं होतं. लिहून झाल्यावर. 'समझ गए ना, साहब?' म्हणाला. मी म्हटलं, हां हां. दारापर्यंत गेला, परत फिरला, पुन्हा म्हणाला, 'ज़र्द, साहब. समझ गए ना?' मला शंका आली होती रे. हा पुन्हा पुन्हा का सांगतोय, असं वाटलं होतं मला. पण शेडमधली सगळी माणसं बघत होती, आणि मी साहेब. मिस्त्रीला अर्थ कसा विचारायचा?"

रिक्षा हलली.

"म्हणून म्हटलं, हां हां, समझ गया."