वगैरेतला वणवा

एका जंगलात, बाळांनो, टिटव्यांची चौकी होती. नदीकाठच्या माळावर त्या लांब लांब बसत. काही दिसलं की ओरडायचं, पलीकडच्या टेकडीवर गजराज ऐकत, एवढंच काम.

पण साधा बेडूक दिसला तरी सगळ्याच कोकलत. दुपारपर्यंत घसे साफ बसत. मग खरा लांडगा आला की कुणाच्या तोंडून शब्द फुटेना!

घुबडाने तोड काढली. "दहा-दहा जणींचा गट करा. नऊजणींनी मुकादमीणबाईच्या कानात कुजबुजायचं, तिने सगळ्यांचं मिळून एकदाच ओरडायचं. आणि रोज जिचा घसा सगळ्यात ताजा, ती मुकादमीण."

वा! घसे टिकले. माळावर चक्क गाणी सुरू झाली.

ठकूताईच्या गटात भागाबाई मुकादमीण झाली. तिला उंच खडक मिळाला आणि तो आवडला. खडक टिकवायचा तर घसा ताजा हवा. म्हणून ती दहाजणींची खबर एका शब्दात बसवू लागली. तो शब्द म्हणजे 'वगैरे'.

एके दुपारी ठकूताईला धूर दिसला. माळावर तिची चार अंडी उघड्यावर होती. ती उडत खडकापाशी आली.

"भागाबाई, वणवा! माझी अंडी गं!"

"नोंद घेतली. बाकीच्यांचं येऊ दे, एकदमच पाठवते."

बाकीच्यांचं आलं. दोन बेडूक, वारा बरा, एक सरडा. भागाबाईने मान ताणली.

"बेडूक, वगैरे!"

"अगं सटवे, माझा वणवा वगैरेत घातलास?"

"घसा जपायला हवा ना, ताई."

ठकूताईने तिला ढकललं, खडकावर चढली आणि जीव खाऊन ओरडली. "वणवा! वणवा!" ऐकून आख्खा माळ ओरडला. हत्ती धावले, सोंडा भरभरून पाणी ओतलं. वणवा अंड्यांपासून हातभर अंतरावर विझला. ठकूताई अंड्यांवर बसून आनंदाने रडली. रडण्याचा आवाज मात्र येईना.

दुसऱ्या दिवशी गजराजांनी घसे तपासले. माळावर एकच घसा ठणठणीत निघाला. भागाबाईला सगळ्याच गटांची मुकादमीण केलं. ठकूताईला घशाच्या उधळपट्टीबद्दल समज मिळाली. ती ऐकायला ठकूताई थांबलीच नाही, पिल्लं बाहेर येत होती.

तात्पर्य : संकटात ओरडू नये. जी ओरडते तिचा घसा बसतो. जी ओरडत नाही ती स्वतः बसते, अगदी वरती.