पैलवानाचं खरं वजन

मोजमाप हा विज्ञानाचा पाया आहे आणि काट्यापुढे माणसाला खोटं बोलता येत नाही, असं वृषभ चौगुले सरांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात उभी हयात सांगितलं. स्वतः ते घरच्या वजनकाट्यावर श्वास सोडून, भिंतीला किंचित टेकून उभे राहत.

शनिवारी सकाळी शेजारचा उदयसिंह पैलवान त्यांच्याकडे सल्ल्याला आला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. त्याला चौऱ्याहत्तर किलोच्या गटात उतरायचं होतं आणि तालमीतल्या काट्यावर त्याचं वजन त्याहून पाऊण किलो जास्त भरत होतं. वरचा गट एकोणऐंशीचा. त्यात वारणानगरचा राजवर्धन होता. गेल्या वर्षी त्यानं उदयसिंहाला इतक्या लवकर चीत केलं की उदयसिंहाच्या आईला, बनाबाईंना, कुस्ती दिसलीच नाही. त्या चष्मा पुसत होत्या.

त्याच्या तालमीतल्या आण्णा वस्तादांचा उपाय सोपा होता. रात्री जेवायचं नाही, पहाटे पळायचं.

"ते नंतर," सर म्हणाले. "आधी तुझं खरं वजन तरी ठरू दे. एका काट्याची साक्ष विज्ञान मानत नाही. चार ठिकाणी मोजू, मग बघू."

दोघं स्कूटरवरून निघाले. पहिला काटा शाहूपुरीत, बापूसोंच्या धान्याच्या दुकानातला. वजन झालं, सरांनी आकडा टिपला, आणि बापूसोंनी मसाला दुधाचा तांब्या पुढं केला. उदयसिंहानं हात जोडले.

"आसं कसं पैलवान," बापूसो म्हणाले. "तुमी दारात येऊन तसंच गेला, तर उद्या गिऱ्हाईक माझ्या दुकानात चढंल व्हय?"

पैलवानाला रिकाम्या पोटी पाठवायचं नाही, हा कोल्हापूरचा नियम गुरुत्वाकर्षणापेक्षा कडक आहे. भंगारवाल्याच्या काट्यावर केळी आली. गुळाच्या अडतीत गूळ-शेंगदाणे आले. गंगावेशीत तर काट्याशेजारीच म्हशीची धार काढणं चाललं होतं. धारोष्ण दुधाचा पेला समोर आल्यावर तिथं नाही म्हणायची सोयच नव्हती.

दुपारी सर आकड्यांकडे बघून गंभीर झाले. वजन ओळीनं चढत होतं.

"पश्चिमेकडं जाईल तसं वाढतंय," ते म्हणाले.

"खाल्ल्यानं आसंल की सर."

"असेल म्हणून चालत नाही. पुरावा लागतो."

पुराव्यासाठी गंगावेशीतल्या काट्यावर सर स्वतः चढले. मग रंकाळ्याजवळ एका जुन्या विद्यार्थ्यानं दोघांना आग्रहानं पुरणपोळ्या वाढल्या, आणि तिथल्या काट्यावर सर पुन्हा चढले. त्यांचंही वजन वाढलं होतं.

"बघ. मी काय पैलवान हाय? तरी वाढलं. म्हणजे दोष जमिनीत हाय."

पुढचं गणित सरळ होतं. स्पर्धा शहराच्या पूर्वेला होती, तेव्हा तिथं वजन आपोआप उतरणार. उपाशी राहणं हे विज्ञानावर अविश्वास दाखवण्यासारखं झालं असतं. उदयसिंह रात्री पोटभर जेवला आणि पहाटे निवांत झोपला.

स्पर्धेच्या काट्यानं सत्याहत्तर किलो दाखवले. आण्णांनी सरांकडे पाठ केली. उदयसिंह एकोणऐंशीच्या रांगेत उभा राहिला आणि घाम पुसत राजवर्धनला शोधू लागला. राजवर्धन त्या रांगेत नव्हता. तो शेजारी, शहाऐंशीच्या रांगेत, ढेकर दाबत उभा होता.

"आमच्यात पण कॉलेजचं एक सर हाईत," तो पडेल आवाजात म्हणाला.

चौऱ्याहत्तर किलोच्या गटात त्या दिवशी एकही पैलवान नव्हता.